ज्ञातिसूची आणि परत आलेल्या लेकींची नावे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हांस बोलण्यासाठी वीस मिनिटे मिळाली आहेत आणि पाने बरोबर साडेबाराला मांडली जातील असे चिटणीसांनी आताच कानात सांगितले आहे. आम्ही काही वक्ते नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक, त्यावर अध्यापनाची पदविका आणि पुढे छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवणे, एवढीच आमची विद्या. तेव्हा भाषणात अलंकार सापडणार नाहीत. हजेरीपटासारखे ते ऐकून घ्यावे.

कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'ज्ञातिसूचीची नवी आवृत्ती' असा विषय छापला आहे. सूचीचा कागद कोणता, पुठ्ठा कसा, जाहिरातीचे दर काय, यांवर बोलण्यास आपले कोशाध्यक्ष समर्थ आहेत. आम्हांस बोलावयाचे आहे ते सूचीतील एका रकान्याविषयी. लग्न मोडून ज्या लेकी माहेरी परत आल्या, किंवा माहेरीही न येता स्वतःच्या पायांवर वेगळ्या राहिल्या, त्यांची नावे त्या रकान्यात कशी छापावीत? गेलेल्या नवऱ्याच्या आडनावाने, की माहेरच्या? हा प्रश्न कार्यकारिणीत दोनदा निघाला आणि दोनदा 'पुढील सभेत' या शेऱ्यानिशी मिटला. म्हणून तो आज मोठ्या सभेपुढे आणीत आहोत.

आपल्या मराठीत लग्न झालेल्या स्त्रीच्या नावापुढे कंसात 'पूर्वाश्रमीच्या अमुक' असे लिहिण्याची चाल आहे. शब्द मूळचा संन्याशांचा. ज्याने घर सोडले, गोत्र सोडले, शेंडी-जानव्याचा त्याग केला, त्याच्या मागल्या आयुष्यास पूर्वाश्रम म्हणावयाचे. आमच्या मुली गेल्या होत्या संसार करावयास. तरीही हा शब्द त्यांना चिकटला तो चिकटलाच. आणि संन्याशाने पूर्वाश्रमात परत येणे धर्मास मान्य नाही, हा त्या शब्दातला जुना अर्थही नकळत सोबत आला असावा, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. मुलगी घरी परत आली तर आपण तिला जेवू घालतो, खोली देतो, तिच्या मुलास शाळेत घालतो. पण तिचे नाव परत द्यावयाचे म्हटले की आपला हात अडखळतो.

दुसऱ्या कित्येक प्रांतांत लग्नाने नाव बदलते म्हणजे शेवटचा एक शब्द बदलतो. आपल्याकडे सगळेच हलते. मधल्या जागी बापाचे नाव असते तेथे नवऱ्याचे येते, शेवटी सासरचे आडनाव येते, आणि कित्येक घरांत ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नवे पाळण्यातले नावही लिहिले जाते. 'नवे पाळण्यातले' हा शब्दप्रयोग चुकीचा आहे हे आम्हांस कळते, पण दुसरा सुचत नाही. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचेही बालपणीचे नाव यमुनाच. दोन यमुना दोन घरांत गेल्या आणि दोन निराळी नावे घेऊन इतिहासात आल्या. त्यांचे संसार थोर होते, म्हणून त्याविषयी कोणाची तक्रार नाही. परंतु ज्या घरात तांदळावर नाव लिहिले तेच घर सोडावे लागले, तर त्या मुलीजवळ स्वतःचे म्हणून काय उरते, हा प्रश्न त्या ताटाभोवती उभे असताना आपल्यापैकी कोणाच्या मनात आला आहे? आमच्या तर आला नव्हता. आम्ही त्या ताटातले तांदूळ सावडणाऱ्यांपैकी एक आहोत.

जुन्या दप्तरांत तर स्त्रीस आडनाव असे फारसे नसेच. ज्यांनी जमिनीचे जुने कागद चाळले असतील त्यांस 'सखूबाई कोम रामजी' किंवा 'सखूबाई भ्रतार रामजी' अशा नोंदी आठवतील. कोम म्हणजे बायको, भ्रतार म्हणजे नवरा. सखूबाई कोण, तर रामजीची. रामजीपुढे मात्र 'बिन' किंवा 'वलद' लावून त्याच्या बापाचे नाव. बाप बदलत नाही, म्हणून पुरुषाची ओळख जन्मभर टिकते. स्त्रीची ओळख दुसऱ्या पुरुषावर टांगलेली, आणि खुंटी निखळली की ओळखही खाली.

आता कोणी म्हणतील की घटस्फोट हे आजचे खूळ आहे, आपल्या वाडवडिलांत असले काही नव्हते. क्षमा असावी, पण हे खरे नाही. पुष्कळ ज्ञातींत नवराबायकोचे पटेनासे झाले म्हणजे पंचांसमोर गवताची काडी मोडून मोकळे करीत. त्यासच काडीमोड म्हणत. लेखी झाले तर सोडचिठ्ठी किंवा फारकत. पुढे बाईचा पाट लागे. पुढे कित्येक ज्ञातींनी, वरच्या म्हणवणाऱ्यांप्रमाणे आपणही वागावे या हौसेने, पाट आणि काडीमोड बंद करण्याचे ठराव केले आणि त्यास सुधारणा असे नाव दिले. कायदा मात्र उलट दिशेने चालला होता. १९३१ साली बडोदे संस्थानात आणि १९४७ साली मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोट देणारे कायदे झाले. १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला आणि त्याच्या २९ व्या कलमात रूढीने मिळणारा घटस्फोटही राखून ठेवला गेला. परस्परसंमतीचे कलम १९७६ साली जोडले गेले. म्हणजे जी वस्तू आपण घराबाहेर टाकली तीच सरकारने शिक्का मारून परत आणून दिली.

या सगळ्या कायद्यात एक गोष्ट नाही, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. लग्न झाल्यावर बायकोने नवऱ्याचे आडनाव लावलेच पाहिजे असे हिंदू विवाह कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. ती आपली चाल आहे, रीत आहे. कायद्याची आज्ञा नव्हे. जे कायद्याने लादले नाही ते कायद्याने आपोआप सुटतही नाही. न्यायालय विवाह विसर्जित करते. नाव जेथल्या तेथे राहते. ते उतरवण्याचे काम त्या बाईलाच एकेका कचेरीच्या दारात उभे राहून करावे लागते.

हे आम्हांस कोठून कळले ते आता सांगतो. जिची हकीकत आहे तिची परवानगी घेऊन सांगतो. ती आमची भाची. ती आज सभेत आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपा करून मान वळवून पाहू नये.

ती परिचारिका आहे. लग्न आपल्याच ज्ञातीत झाले होते आणि ते आम्हीच जुळवले होते. त्याविषयी अधिक बोलत नाही. दोन्ही घरे भली आहेत आणि दोन माणसांचे जमले नाही. २०१८ साली संमतीने घटस्फोट झाला. मुलगा तिच्याजवळ राहिला. वर्षभराने त्या गृहस्थांनी दुसरा विवाह केला, तोही रीतसर आणि आपल्याच ज्ञातीत.

२०२० सालच्या सूचीचे संपादन आमच्याकडे होते. अर्ज गोळा करताना आमचे मेहुणे, म्हणजे तिचे वडील, संध्याकाळी आमच्या घरी आले. धाकट्या मुलीचे पाहणे चालू होते. ते म्हणाले, "भाऊजी, थोरलीचं नाव सासरचंच राहू द्या. सूची घरोघर जाते. उगाच बोभाटा कशाला?" आम्हांस त्यांचे म्हणणे पटले. खरे म्हणजे पटले असेही नाही. ते बरे वाटले, कारण आम्हीही मध्यस्थ होतो आणि आमचीही लाज त्यात झाकली जात होती. आम्ही 'विवाहित कन्या' या रकान्यात तिचे नाव, त्या गृहस्थांचे नाव आणि त्यांचे आडनाव असे सरळ छापले. ना कंस, ना टीप.

छापखान्यातून पुस्तक आले, घरोघर गेले, आणि आठव्या दिवशी फोन वाजू लागले. कारण त्याच सूचीत, काही पानांपलीकडे, त्या गृहस्थांच्या कुटुंबाची नोंद होती आणि तीत त्यांच्या पत्नीचे नाव होते, जे अर्थातच दुसरे होते. म्हणजे मंडळाच्या अधिकृत सूचीने, अध्यक्षांच्या प्रस्तावनेसह आणि देणगीदारांच्या छायाचित्रांसह, एका सरळमार्गी माणसास दोन बायका जाहीर केल्या होत्या. लोक हसले. त्यांच्या घरी त्यांची नवी पत्नी रडली असे पुढे कानावर आले. जे झाकण्यासाठी आम्ही खटपट केली होती, ते झाकण्याच्या खटपटीनेच पाचशे घरांत पोचले.

आम्ही बहिणीकडे गेलो. भाची ड्यूटीवरून आली होती. सूची टेबलावर उघडीच होती. ती रागावेल अशी आमची समजूत होती. तिने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "मामा, पहिलीत माझं नाव रजिस्टरात तुम्हीच घातलं होतं ना?"

आम्ही हो म्हणालो.

"मग तेच लिहायचं होतं. ते काय वाईट होतं?"

यावर देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या शाळेत गेलो. सेवानिवृत्त माणसाला शाळेत जाण्यास निमित्त लागत नाही. मुख्याध्यापिका आमचीच विद्यार्थिनी. तिने जनरल रजिस्टर काढून दिले. पान जरा पिवळे पडले होते, कडेला वाळवीने एक कोपरा खाल्ला होता. पण नोंद शाबूत होती, आमच्या हस्ताक्षरात, निळ्या-काळ्या शाईत. मुलीचे नाव, बापाचे नाव, आडनाव. जन्मतारीख अक्षरी. आणि आमच्या ध्यानात आले की या देशात मुलीचे पहिले नाव जर कोठे पक्के राहत असेल तर ते शाळेच्या रजिस्टरात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे नाव लग्नाने बदलत नाही. वर्षातून चार-दोन जणी तरी दाखल्यावर सासरचे नाव घालून द्या म्हणून येत आणि आम्ही नियम दाखवून त्यांना परत पाठवीत असू. छत्तीस वर्षे आम्ही ज्या नियमाचे रखवालदार होतो, तो आपल्या भाचीच्या वेळी विसरलो.

पुढील चार महिने आम्ही तिच्याबरोबर कचेऱ्या फिरलो. प्रायश्चित्त म्हणून म्हणा, किंवा निवृत्त माणसाला वेळ असतो म्हणून म्हणा. या फिरण्यातून जे शिकलो ते येथे सांगितले पाहिजे, कारण या मंडपात असे फिरणे ज्यांच्या नशिबी आहे अशा चार-सहा जणी तरी असतील, आणि त्यांचे वडील-भाऊही आहेत.

पहिली गोष्ट, संमतीच्या अर्जात व हुकूमनाम्यात 'पत्नी आपले विवाहापूर्वीचे नाव धारण करील' असे एक वाक्य घालून घेण्यास वकिलांना सांगावे. वकील पोटगी, दागिने, मुलाचा ताबा यांत गुंतलेले असतात; नावाचे त्यांना सुचत नाही. भाचीच्या हुकूमनाम्यात ते वाक्य नव्हते. हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला एक-दोन नव्हे, पाच-सहा काढून ठेवाव्यात. मग राजपत्र. मुंबईस शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय आहे. त्यांच्याकडे अर्ज करावयाचा, तो आता घरबसल्या ऑनलाइनही होतो, आणि महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये जुने नाव आणि नवे नाव प्रसिद्ध होते. भाचीचे नाव आले त्या दिवशी आम्ही ती यादी पाहत बसलो. कोणी संख्याशास्त्राप्रमाणे अक्षर बदललेले, कोणी चुकीची वेलांटी सुधारलेली, कोणी धर्म बदललेला, कोणी लग्न केलेली, कोणी मोडलेली. त्या यादीत कोणी कोणाला हसत नाही.

आधारपत्राचे मात्र जपून करावे. त्यावरील नाव सर्वसाधारणपणे जन्मात दोनदाच बदलता येते. लग्नानंतर हौसेने एकदा बदललेले असते, घटस्फोटानंतर दुसरी संधी खर्च होते. पुढे पुनर्विवाह झाला आणि पुन्हा बदलावेसे वाटले तर अपवादाची वेगळी खटपट करावी लागते. म्हणून ज्यांच्या मुली आज विवाहयोग्य आहेत त्यांस आमचे सांगणे असे की, लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात सगळे कागद बदलण्याची घाई करू नये. ज्यांना ही सूचना अपशकुनी वाटेल त्यांनी आगीचा विमा घेतानाही घर जळण्याची वाट पाहतो का, याचा विचार करावा.

एका बँकेत, नाव सांगत नाही, खिडकीवरील तरुणाने हुकूमनामा उलटसुलट पाहिला आणि विचारले, "मिस्टरांची सही कुठे आहे?" भाची शांतपणे म्हणाली, "मिस्टर नाहीत म्हणूनच आलेय." तो मुलगा ओशाळला, पण काम त्या दिवशी झाले नाहीच. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. केंद्र सरकारच्याच एका अधिसूचनेत, लग्नापूर्वीचे नाव परत घेऊ पाहणाऱ्या विवाहितेने घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचे ना-हरकत पत्र जोडावे अशी अट होती. तीस आव्हान देणारी याचिका एका महिलेने केली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर सरकारास नोटीस काढली. आपले स्वतःचे जन्माचे नाव घ्यावयास दुसऱ्याची हरकत नसल्याचा कागद! आम्ही ज्यावेळी अभ्यासक्रमात नागरिकशास्त्र शिकवीत होतो त्यावेळी हे प्रकरण पुस्तकात नव्हते.

सरकारचे सगळेच पाऊल मागे आहे असे मात्र नाही. २०१६ च्या डिसेंबरात पारपत्राचे नियम सैल झाले आणि घटस्फोटित किंवा विभक्त अर्जदाराने जोडीदाराचे नाव लिहिण्याची सक्ती गेली. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शासकीय कागदांवर बालकाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला. त्याच निर्णयात स्त्रीस मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचे नाव लावण्याची मुभाही दिली आहे. ही मुभा शेतकरी घरांनी विशेष ध्यानात घ्यावी. मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली मिळाला. वारसनोंदीत त्यांची नावे सासरच्या आडनावाने चढतात, आणि पुढे लग्न मोडले की सातबारावर एक बाई आणि आधारावर दुसरी बाई असा घोळ होतो. दोन्ही एकच, हे सिद्ध करता करता हिस्सा बाजूला राहतो.

आता आक्षेपांकडे वळतो. कार्यकारिणीत जे निघाले तेवढेच घेतो.

एक वडीलधारे म्हणाले, बाईने नाव परत घेतले की ती कुमारिका असल्याचा भास होतो, आणि पुढे स्थळ येते तेव्हा फसवणूक होते. यास आमचे उत्तर असे की आपल्या वधूवर-सूचक अर्जात 'प्रथम विवाह, घटस्फोटित, विधवा, विधुर' असा स्वतंत्र रकाना आहे. तेथे खरे लिहिलेच पाहिजे आणि खोटे लिहिणाऱ्याचा अर्ज मंडळाने बाद करावा. पण ती माहिती देण्याचे काम आडनावाकडे का सोपवावे? घटस्फोटित पुरुषाच्या आडनावावरून कोणास काही कळते का? त्याच्याबाबत आजवर कोणी ही काळजी वाहिली नाही.

दुसरा आक्षेप मुलाचा. आईचे आडनाव एक आणि मुलाचे दुसरे, हे शाळेत कसे दिसेल? आम्ही शाळेतलेच आहोत. सांगतो, मुलांना काही दिसत नाही. दिसते ते आपण दाखवतो म्हणून. पालकसभेत नाव पुकारताना मास्तरांनी अमक्याची आई म्हणावे, झाले. ज्यांना मुलाचे आडनावच बदलावयाचे असेल त्यांचा प्रश्न निराळा. तेथे बापाचा हक्क, मुलाचे हित, न्यायालय, सगळे येते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, वडील वारल्यानंतर आई ही नैसर्गिक पालक या नात्याने मुलाचे आडनाव ठरवू शकते असे म्हटले; पण ते प्रकरण विधवेचे होते, आणि ते जसेच्या तसे घटस्फोटास लावता येणार नाही. भाचीने मुलाचे नाव बदललेले नाही. तो बापाचे आडनाव लावतो, बापाकडे दर रविवारी जातो, आणि दोन्ही आडनावांचे स्पेलिंग बरोबर लिहितो. मास्तराला आणखी काय हवे?

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे. ती आम्हांस आमच्याच एका सहकारी शिक्षिकेने सुनावली. आम्ही नाव परत घेण्याचा फारच पुरस्कार करू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझा घटस्फोट होऊन तीस वर्षं झाली. मी त्याचंच आडनाव लावते. का ठाऊक आहे? गावातली तीन पिढ्यांची पोरं मला त्या आडनावापुढे 'बाई' लावून हाक मारतात. आडनाव त्याचं होतं, पण बाई मी झालेय." आम्ही गप्प बसलो. शाळेत शिक्षिकेस आडनावानेच ओळखतात हे आम्हांपेक्षा कोणास अधिक ठाऊक? तेव्हा माहेरचे नाव घेतलेच पाहिजे असा ठराव करणे म्हणजे जुनी सक्ती काढून नवी घालणे होय. कोणाची पदवी, कोणाचा दवाखाना, कोणाचे दुकान त्या नावावर चाललेले असेल. कोणास मुलाचे आणि आपले नाव एक राहावेसे वाटेल. त्याची कारणे तिने आम्हांस सांगण्याची गरज नाही.

आणि कोणास दोन्ही नकोत. रखमाबाईंची गोष्ट आपणांस माहीत असेल. पण ती नावाच्या अंगाने पाहिलेली नसेल. अकराव्या वर्षी लग्न झाले, सासरी नांदावयास गेल्या नाहीत. नवऱ्याने, दादाजी भिकाजी यांनी, १८८४ साली मुंबईत दावा लावला. १८८५ साली न्यायाधीश पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला; अपिलानंतर १८८७ साली तो फिरला आणि नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या काळी त्यांना कायद्याने घटस्फोट मिळण्याची सोय नव्हती. दादाजी दुसरे लग्न करण्यास मोकळे होते, त्या नव्हत्या. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेस आणि राजकोटास त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णालये चालवली आणि १९५५ साली, म्हणजे ज्या वर्षी हिंदू विवाह कायदा झाला त्याच वर्षी, वारल्या. जग त्यांना डॉक्टर रखमाबाई म्हणून ओळखते. बापाचे आडनाव नाही, नवऱ्याचे नाही. आज पुष्कळजण त्यांच्या नावापुढे सावत्र वडिलांचे 'राऊत' लावून टाकतात. आपल्या लोकांस बाईचे नाव आडनावाशिवाय मोकळे राहिलेले पाहवत नाही, हेच त्यातून दिसते.

तर प्रस्ताव असा. नव्या सूचीच्या अर्जात 'विवाहित कन्या' हा रकाना आम्ही काढून टाकला आहे. त्याजागी नुसता 'कन्या' आहे, आणि खाली एक ओळ आहे : 'ज्या नावाने नोंद व्हावी असे वाटते ते नाव'. ही ओळ त्या मुलीने स्वतः भरावयाची व खाली सही तिची. बापाची नव्हे, भावाची नव्हे, आणि मध्यस्थ मामाची तर नव्हेच. मुलगी परगावी असेल तर तिला फोनवर विचारून भरावे व सही टपालाने मागवावी. छपाई आषाढाअखेर सुरू होईल, तोवर वेळ आहे. घटस्फोटित, परित्यक्ता असे शब्द सूचीत कोठेही येणार नाहीत. पुरुषांसही हीच ओळ आहे, एखाद्यास आईचे नाव लावावेसे वाटले तर वाव असावा म्हणून. मात्र आतापर्यंत आलेल्या बेचाळीस अर्जांत तसे कोणी लिहिलेले नाही.

आमच्या मेहुण्यांनी अर्ज भरून दिला आहे. धाकटीचे लग्न मागल्या वर्षी झाले. थोरलीमुळे अडले नाही. थोरलीची ओळ थोरलीनेच भरली आहे, तिचे अक्षर आम्ही ओळखतो. रजिस्टरात होते तेच नाव आहे, वेलांटीसुद्धा बरोबर.

अर्ज मागल्या बाजूस, पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर ठेवले आहेत. पेने दोनच आहेत आणि ती दोरीने बांधली आहेत, कारण मागल्या वर्षी सात गेली. जेवणाआधी रांग लावावी. जेवणानंतर कोणी थांबत नाही, हा आमचा छत्तीस वर्षांच्या पालकसभांचा अनुभव आहे.